परिसाची किंमत

मराठीच्या वर्गात ॲनिमेचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेक अध्यापकांच्या चेहऱ्यावर एक सोशिक हसू उमटते. जपानी चित्रकथांवर बेतलेल्या या मालिका म्हणजे पोरांचा वेळ खाणारे अद्भुत. साहित्यविचारात त्यांचे काय काम, असे आपण गृहीत धरलेले असते. मीही बराच काळ याच मताचा होतो. ते मत डळमळले ते चांदूर बाजारात, उद्धव शेळके यांची 'धग' शिकवताना.

'धग' १९६० साली प्रसिद्ध झाली. वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य या कादंबरीने सिद्ध केले, हे आपण दरवर्षी सांगतो. तिची नायिका कौतिक जन्मभर राबते. नवरा महादेव कुष्ठरोगाने ग्रासला जातो, संसार विस्कटतो, आणि तिच्या कष्टांच्या बदल्यात तिच्या पदरात काहीच पडत नाही. हे सांगून मी तास आवरता घेत होतो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्या पोरायले हात देऊन भाऊ तं भेटला. कौतिकले काय भेटलं?"

'ती पोरे' म्हणजे 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मालिकेतील एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोघे भाऊ. हिरोमू अराकावा या लेखिकेची मूळ चित्रकथा २००१ ते २०१० या काळात मासिकातून क्रमशः आली आणि सत्तावीस खंडांत पूर्ण झाली. तिच्यावरून दोन मालिका निघाल्या. २००३ ची पहिली मालिका मूळ कथा अपुरी असतानाच सुरू झाल्याने स्वतःच्या वाटेने गेली. २००९ ची दुसरी मूळ कथेशी बहुतांशी प्रामाणिक राहिली. भारतात ॲनिमॅक्स ही वाहिनी २००४ मध्ये आली आणि २०१७ मध्ये बंद पडली. आज मुले या मालिका मोबाइलवर पाहतात.

कथेच्या मुळाशी किमया आहे. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि इंग्रजीतला 'अल्केमी' हा त्याचाच सख्खा भाऊ. या जगातल्या किमयेला एक अट आहे: जे हवे असेल त्याच्या तोलाचे काहीतरी द्यावे लागते. आपण त्याला 'समतुल्य विनिमय' म्हणू. आई आजाराने वारल्यावर ही दोन मुले किमयेच्या बळावर तिला परत आणू पाहतात. आई येत नाही. एडवर्डचा पाय जातो, अल्फोन्सचे अवघे शरीर नाहीसे होते. आणि भावाचा आत्मा निदान एका लोखंडी चिलखतात तरी बांधून ठेवता यावा, म्हणून एडवर्ड आपला उजवा हात देतो.

ही अट अराकावांना कोठून सुचली असेल, याचा अंदाज त्यांच्या चरित्रावरून बांधता येतो. त्या होक्काइदो बेटावरच्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी घरातल्या. तोक्योला जाण्यापूर्वी सात वर्षे त्यांनी घरच्या शेतावर काम केले. जो राबेल तोच खाईल, हा त्या घराचा दंडक. शेतकऱ्याच्या अंगणात रुजलेले हे तत्त्व त्यांनी किमयेच्या जगाचा कायदा करून टाकले, असे मला वाटते.

चांदूर बाजारच्या मुलाला ही मालिका आपली का वाटावी, याचे उत्तर मला इथेच सापडते. हा संत्र्याचा मुलूख. कलम लावल्यावर झाड धरेपर्यंत चार-पाच वर्षे थांबायचे, बहार यावा म्हणून पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, फुटलेला बहार गळताना उघड्या डोळ्यांनी पाहायचा, आणि शेवटी व्यापारी झाडांवरून नजर फिरवून सांगेल त्या भावाने बगीचा उक्ता द्यायचा. 'कष्टाचे फळ मिळते' हे वाक्य या घरांत रोज बोलले जाते आणि दर हंगामात खोटे ठरू शकते. ज्या मुलाने हे पाहिले आहे, त्याच्यासाठी देणे आणि मिळणे यांचा हिशेब हा अद्भुताचा विषय राहत नाही.

मालिकेचे मोठेपण असे की ती आपल्याच कायद्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करते. पहिल्या मालिकेत दान्ते ही खलनायिका एडवर्डला तोंडावर सुनावते की सारखे कष्ट करणाऱ्यांना सारखे फळ मिळत नाही, तेव्हा तुझा नियम ही केवळ समजूत आहे. दुष्टाच्या तोंडी सत्य घालण्याचे हे धाडस आपल्या पाठ्यपुस्तकी बोधकथांना क्वचितच साधते.

त्याहून मर्मभेदी आहे ती परिसाची कल्पना. आपल्या संतपरंपरेतला परीस निर्मळ असतो. लोखंडाचे सोने होते आणि कोणाचे काही जात नाही. म्हणूनच तो गुरुकृपेचे रूपक होऊ शकला. अराकावांच्या कथेतही परीस आहे, आणि त्याच्यामुळे काही न देता सारे मिळवता येते असे वाटते. पुढे उलगडते की तो जिवंत माणसांच्या प्राणांतून घडवलेला आहे. फुकट दिसणाऱ्या लाभाची किंमत कोणीतरी दुसऱ्याने, नजरेआड, आधीच चुकती केलेली असते. सरकारी परवाना टिकवण्यासाठी टकर नावाचा किमयागार स्वतःच्या चिमुरड्या मुलीचा, नीनाचा, बळी देतो. तो प्रसंग याच सत्याची घरगुती आवृत्ती आहे. शेतमालाच्या स्वस्ताईबद्दल याहून नेमके रूपक मला अलीकडच्या साहित्यात आढळलेले नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. मूळ कथेत अखेर अल्फोन्सला शरीर परत मिळते. एडवर्ड त्यासाठी आपली किमयेची शक्ती कायमची देऊन टाकतो. मग हे सांत्वन नव्हे काय? आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. एडवर्डच्या जगात एक द्वार आहे. त्याच्यासमोर 'सत्य' साक्षात बसलेले असते आणि त्याच्याशी हिशेब मांडता येतो, वादही घालता येतो. कौतिकला असे द्वार नाही. तिचा हिशेब ऐकायला कोणी बसलेले नाही, ही 'धग'ची धग. त्या मुलाने मागच्या बाकावरून नेमके हेच अंतर मोजले होते, आणि त्यासाठी लागणारी मोजपट्टी त्याला अद्भुताने पुरवली होती.

म्हणून माझे म्हणणे असे की वास्तववाद आणि अद्भुत यांना आपण जी उच्चनीचता लावतो ती सोडावी. अन्याय सोसणाऱ्याचे दर्शन वास्तववादी कादंबरी घडवते. न्यायाचा कायदा असताच, तर तो कसा असता आणि कोठे मोडला असता, हे अद्भुत तपासून पाहू शकते. एकाच्या उजेडात दुसरे अधिक स्पष्ट दिसते. ॲनिमे अभ्यासक्रमात आणावे अशी माझी मागणी नाही. विद्यार्थी ते बरोबर घेऊन वर्गात येतात, तेव्हा दार लावून घेऊ नये, एवढीच विनंती.

कथेच्या अखेरीस अल्फोन्स एक नवा नियम सुचवतो: दहा घ्यावेत, त्यात आपला एक घालावा आणि पुढच्याला अकरा द्यावेत. मी हे वर्गात सांगितले तेव्हा तो विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, कौतिक तं अकराच देत होती. पण तिले दहा कोनं देल्ले?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. 'धग' मी अनेक वर्षे शिकवली आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.