दालचिनीचे हात

आज एक प्रयोग करायचाय. आईला किंवा बाबांना विचारून चमचाभर गोडं तेल आणि अर्धा चमचा दालचिनीची पूड घ्या. (नवी मुंबईकरांना दालचिनीची ओळख करून द्यायला नको. वाशीच्या मसाला मार्केटजवळून बस गेली, की खिडकीतूनच भेट होते!) हे मिश्रण दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोळा. कुठे कापलं-खरचटलं असेल, तर मात्र प्रयोग नको. आणि ते हात डोळ्यांना मुळीच लावायचे नाहीत, बरं का!

आता जेवणाआधी रोज धुता तसे, नुसत्या पाण्याने हात धुवा. काय झालं? पाणी घसरून गेलं आणि तपकिरी कण जागच्या जागी! नवी मुंबईत बऱ्याच घरांत मोरबे धरणाचं पाणी येतं, तेही भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन. पण पाणी कितीही स्वच्छ असलं तरी तेलापुढे त्याची मात्रा चालत नाही. आपल्या हातांवर थोडाफार तेलकट थर असतोच. केसांतून हात फिरवला, वडापाव खाल्ला, की त्यात भर. जंतू याच थरात चिकटून बसतात. दालचिनी दिसते, ते दिसत नाहीत, एवढाच फरक. मग हेच हात तोंडात गेले की जुलाब, विषमज्वर, कावीळ, जंत.

आता साबण घ्या. साबणाच्या प्रत्येक रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला. त्यामुळे तेलकट थराचे बारीक बारीक थेंब सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. २०२०मध्ये सगळे साबण-साबण करत होते ना? करोनाच्या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो. निदान वीस सेकंद चोळायचं, आणि तेवढा वेळ नळ बंद ठेवायचा!

तरीही कण उरलेच? पाहा बरं कुठे: अंगठ्यांवर, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला. आपण तळव्यावर तळवा घासतो आणि मोकळे होतो. त्यातून पानावर बसण्याआधी नळाखाली जातो तो नुसता उजवा हात. डावा कोरडाच! आणि पाण्याची वाटी धरायला, मिठाची बरणी उघडायला तोच पुढे. धुतलेले हात गणवेशाच्या पँटला पुसणारे महाभाग तर वेगळेच. ओल्या हाताला जंतू पटकन चिकटतात, म्हणून स्वच्छ पंचा हवा.

डॉक्टरांनाही हे उशिराच पटलं. व्हिएन्नाच्या इस्पितळात शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासायला जात. १८४७च्या एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने मे महिन्यात सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं! रोगजंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. बड्या डॉक्टरांना मात्र राग आला. आमचे हात आणि अस्वच्छ?

असाच राग तुमच्या घरीही कुणाला येईल. त्यांच्या हातांनाही थोडी दालचिनी लावा. धुऊन झालं, की आधी अंगठा पाहा आणि मग बोटांचा वास घ्या.