परीक्षेभोवती फिरणारे पदव्युत्तर शिक्षण

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर अध्यापनाचे विभाग निघाले, राज्यात विद्यापीठांची संख्याही वाढली. परंतु मूळ घडणीचा ठसा पुसला गेला नाही. एम. ए. किंवा एम. कॉम.च्या वर्गाचे वेळापत्रक आजही परीक्षेच्या तारखेपासून उलटे मोजत आखले जाते. अर्ज, शुल्क, प्रवेशपत्र, निकाल या सर्वांना त्यात रकाने आहेत. विद्यार्थी कोठे अडला, याला मात्र रकाना नाही.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना लागू केली. निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. त्या वेळी संताप उसळला तो विलंबाबद्दल, आणि तो रास्तच होता. तथापि तपासलेल्या उत्तरपत्रिकेतून विद्यार्थ्याला काही शिकावयास मिळते काय, हा प्रश्न त्या गदारोळातही क्वचितच विचारला गेला. शिक्षकाच्या शेऱ्यांसह आपले लेखन परत मिळणे ही शिक्षणाची अगदी प्राथमिक गरज होय. आपल्याकडे विद्यार्थ्याला स्वतःच्याच उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी शुल्क भरावे लागते!

२०२३-२४ पासून राज्यातील पदव्युत्तर वर्गांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. श्रेयांक, संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी त्याची रचना असून, कागदावर तरी विद्यार्थी केंद्रस्थानी आहे. पण सिद्धान्ताच्या एका श्रेयांकास पंधरा तास, हे माप शिकविण्याचे आहे, शिकण्याचे नव्हे. तालुक्याच्या गावी अर्थशास्त्राचे एम. ए. करणाऱ्या मुलीने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावयाचा कोठे? बहुधा एखाद्या पतसंस्थेत. तेथे तिला कर्जाची थकबाकी कशी वाढते हे कोणी समजावून सांगितले, तर ते पाठ्यपुस्तकाहून मोलाचे ठरेल. अन्यथा कागदांच्या झेरॉक्स काढून ती प्रमाणपत्र घेऊन परतेल. दोन्ही ठिकाणी श्रेयांक मात्र सारखेच पडतील. हा फरक करू शकेल असा शिक्षक हवा. पण अनेक ठिकाणी तो तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. त्याला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. वर्गाबाहेर विद्यार्थ्याशेजारी बसून घालविलेल्या वेळेची किंमत व्यवस्थेच्या लेखी शून्य आहे.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे एम. ए.ला इंग्रजी ग्रंथ येऊन पडतात. अशा वेळी तो बाजारातील मार्गदर्शिकेकडे वळतो, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. वस्तुतः ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके होती, त्यालाच हा अभ्यासक्रम जसाच्या तसा मानवतो. गुणवत्तेच्या नावाखाली येथे वर्गभेदच पुन्हा घडविला जातो.

राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रमाणन परिषदेने २०१७ पासून विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी मूल्यांकनात आणली. कल्पना चांगली होती. परंतु प्रश्नावलीतील खुणा मोजून अनुभव हाती येत नाही. संस्थेच्या खात्यावर गुण तेवढे जमा होतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. विद्यार्थ्याला पोटासाठी राबावे लागते, हे त्यांनी गृहीत धरले आणि संस्थेचा दिनक्रम त्याप्रमाणे बसविला. आज सकाळी दुकानात वा शेतात काम करून एस. टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही म्हणून त्याला नोटीस जाते. तास त्याच्या गाडीच्या वेळेला धरून लावण्याचा विचार मात्र विभागाच्या बैठकीत निघत नाही. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवणे, पहिल्या सत्रात इंग्रजी ग्रंथ वाचण्याचा नेटका सराव देणे, प्रत्येक सत्रात एक निबंध शेरे लिहून परत करणे, या गोष्टींना नव्या इमारतींची आवश्यकता नाही. पूर्णवेळ शिक्षक मात्र लागतील, आणि त्यासाठी सरकारला तिजोरी उघडावी लागेल.

विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद २०१६ च्या कायद्याने पुन्हा केली. प्रत्यक्ष मतदानाचा मुहूर्त मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला. विद्यार्थी संघटनांनी शुल्कवाढीबरोबर वेळापत्रक आणि ग्रंथालयाचे तास हे विषयही आपल्या मागणीपत्रात घातले, तर विभागप्रमुखांना त्यांची उत्तरे द्यावी लागतील.