मासे शोधायची बॅटरी, घरी यायची बॅटरी

दिवाळीत मालवणला मामाकडे गेलो होतो. मामाची छोटी फायबरची होडी आहे आणि तिच्यात एक फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. ते चालतं यूपीएसमधून काढलेल्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर. तक्रार एकच, "मासो दिसलो की बॅटरी मरता!"

आता इंजिनिअर भाचा गप्प बसतो होय? लगेच कागद घेतला. यंत्र खातं ०.६ अँपिअर. ७ भागिले ०.६, म्हणजे साडेअकरा तास! मग चार तासांतच का मरते? कारण ७ हा आकडा नव्या बॅटरीचा, तोही २० तासांत सावकाश वापरली तर. शिवाय लेड-अॅसिड बॅटरी दरवेळी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे नवी असली तरी भरवशाचे तास सहाच. ही तर यूपीएसने टाकलेली...

उपाय सोपा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तेवढ्याच क्षमतेला वजन निम्म्याहून कमी आणि जवळजवळ सगळी वापरता येते. किंमत जास्त, पण टिकतेही कितीतरी वर्षं. फक्त चार्जर तिच्यासाठीचाच हवा, आणि वायरीत फ्यूज टाकायला विसरू नका.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. मामाचा जीपीएससुद्धा त्याच बॅटरीला जोडलेला! एकदा परतताना अंधारात दोन्ही पडदे एकदम गेले. मालवण बंदराच्या तोंडाशी खडक किती आहेत ते तिथल्या कुणालाही विचारा. आणि लिथियम इथे जास्त फसवी. लेड-अॅसिड कण्हत कण्हत मरते, लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो आणि मग आतलं सर्किट फटकन तोडतं. नोटीस वगैरे काही नाही.

म्हणून जीपीएस त्याच्या पेन्सिल सेलवरच चालवा. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे. जीपीएसच्या मेनूत सेलचा प्रकार बदला, कारण हे सेल १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ चे. नाहीतर बॅटरीची खूण खोटं बोलते. भरलेली एक जोडी घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळी.

"मोबाइल आसा मा?" मामा म्हणाला. आहे ना, पण दिवसभर व्हिडिओ बघून तोही संध्याकाळी १० टक्क्यांवर असतो :-)

नवी बॅटरी मामा पगारातून नाही, सुरमईतून घेणार आहे. सेल मात्र मी त्याच दिवशी बाजारातून आणून दिले.