बोटीवरची पंगत आणि अंगावरचे कपडे



'कॅज्युअल' हा शब्द आपल्या घरात इंग्रजी येण्याच्या आधीच येऊन बसला आहे. ऑफिसात कॅज्युअल लीव्ह असते. ती वर्षअखेर उरली तर वाया जाते. कारखान्यात कॅज्युअल कामगार असतो. त्याची आज हजेरी लागते, उद्याचे कोणी सांगू शकत नाही. आता हाच शब्द कपड्यांना लागला आहे. कॅज्युअल कपडे म्हणजे रोजच्या वापरातले, सैलसर, बिनइस्त्रीचे चालतील असे कपडे. जीन, टी-शर्ट, हाफ पॅन्ट, सपाता. असे कपडे घालून मोठ्या प्रवासी बोटीच्या, म्हणजे क्रूझच्या, भोजनगृहात जेवायला बसावे की नाही, हा आजचा विषय.

कोणी म्हणेल, ज्याला लोकलमध्ये बसायला जागा मिळत नाही त्याला बोटीवरच्या टेबलाची चिंता कशाला? पण काळ बदलला आहे. मुंबईहून 'कॉर्डेलिया क्रूझेस' या कंपनीच्या 'एम्प्रेस' बोटीने सप्टेंबर २०२१ मध्ये गोव्याकडचे प्रवास सुरू केले. शिवाय मुंबई, कोकण आणि गोव्यातील कितीतरी मुले आज परदेशी बोटींवर वेटर, कुक, सफाई आणि लॉन्ड्रीच्या कामाला आहेत. पुष्कळ कंपन्या अशा मुलांच्या घरच्यांना तिकिटात सवलत देतात. म्हणजे आज ना उद्या एखादी आई, एखादे वडील त्या भोजनगृहाच्या दारात उभे राहणारच आहेत. तेव्हा त्यांना नियम ठाऊक असलेला बरा.

प्रथम नियम काय आहेत ते पाहू. बोटीवर जेवणाची जागा एकच नसते. एक मुख्य भोजनगृह असते. तेथे टेबलावर बसायचे आणि वेटर आणून देतो. दुसरी बुफेची जागा. तेथे प्लेट घेऊन आपले आपण वाढून घ्यायचे. या दोन्ही ठिकाणचे साधे जेवण बहुधा तिकिटातच धरलेले असते. तिसरी, जादा पैसे घेणारी खास रेस्टॉरंटे. कपड्यांचा प्रश्न येतो तो मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी, आणि तोही रात्रीच्या जेवणाला. सकाळी-दुपारी बुफेवर हाफ पॅन्ट आणि टी-शर्ट सर्रास चालतो. मात्र पोहून आलेले ओले कपडे आणि अनवाणी पाय बहुतेक बोटींवर जेवणाच्या जागी चालत नाहीत.

रात्रीची रीत प्रत्येक कंपनीची निराळी आहे. 'क्युनार्ड' ही जुनी इंग्रजी कंपनी सगळ्यांत कडक मानली जाते. तिची 'क्वीन मेरी २' ही बोट २००४ पासून इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान ये-जा करते. सात रात्रींच्या त्या प्रवासात सहसा दोन रात्री 'गाला' म्हणून ठरलेल्या असतात. त्या रात्री पुरुषांनी काळा डिनर जॅकेट किंवा गडद सूट, त्यावर बो किंवा टाय, आणि स्त्रियांनी समारंभाचा पोशाख घालावा अशी अपेक्षा असते. ज्यांना हे नको असेल त्यांनी बुफेच्या बाजूला किंवा ठरवून दिलेल्या इतर जागी जावे. उलट 'नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या कंपनीने २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाची पद्धत आणली आणि सक्तीच्या सुटाबुटाच्या रात्री काढून टाकल्या. अमेरिकेची 'कार्निव्हल' कंपनी मधल्या वाटेने जाते. तिच्या साध्या रात्री मुख्य भोजनगृहात जीन चालते, लांब नीटशी हाफ पॅन्टही चालते. पण कापलेली जीन, बिनबाह्यांचे पुरुषी बनियन, व्यायामाची चड्डी, सपाता, खेळाडूंची टोपी हे चालत नाही. म्हणजे 'कॅज्युअल चालते का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणती बोट, कोणती जागा आणि कोणती वेळ, हे विचारूनच उत्तर द्यावे लागते.

ही रीत आली कोठून? 'टायटॅनिक' बोट १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडाली, हे सर्वांना माहीत आहे. त्या बोटीवर पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन वर्ग होते आणि तिघांची भोजनगृहे वेगळी होती. पहिल्या वर्गातले लोक रात्री जेवायला नटूनथटून उतरत. तिसऱ्या वर्गातला स्थलांतरित मजूर आपल्या रोजच्या कपड्यांतच जेवत असे आणि त्याला कोणी कपडे विचारत नसे, कारण वरच्या पंगतीला त्याला जागाच नव्हती. आजच्या क्रूझवर असे उघड वर्ग फारसे राहिले नाहीत. तरी ते पूर्ण गेले असेही नाही. 'क्वीन मेरी २'वर आजही महागड्या खोलीवाल्यांचे 'क्वीन्स ग्रिल' वेगळे आणि साध्या खोलीवाल्यांचे 'ब्रिटानिया' वेगळे. कितीही उंची सूट घातला तरी ब्रिटानियाच्या तिकिटावर क्वीन्स ग्रिलमध्ये जेवता येत नाही. कपडे सारखे झाले म्हणजे माणसे सारखी झाली असे नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

पंगतीला कपड्यांची अट ही काही साहेबाचीच रीत नव्हे. आपल्याकडे 'सोवळे' होतेच की! सोवळ्यातल्या माणसाने विशिष्ट कापड नेसूनच जेवायला बसायचे, ओवळ्याने शिवायचे नाही. पण तेथे कापड हे नुसते निमित्त होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी उद्या रेशमी कद नेसला असता तरी त्यांना त्या पंगतीत कोणी पाट मांडला नसता. अट कपड्यावर लिहिलेली असायची आणि तपासली जायची जात. म्हणून 'ड्रेस कोड' हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या मनात कुठेतरी कळ उठते. ती कळ खोटी नाही.

परंतु याच कळीची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद झाली, तेव्हा बाबासाहेबांनी स्त्रियांशी लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी मुद्दाम बोलणे केले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या जड धातूच्या दागिन्यांवरून बाई अस्पृश्य म्हणून ओळखली जाते ते टाकून द्या, लुगडे पायघोळ नेसा, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा स्वतःचा कोट-टाय आपल्या प्रत्येक घरातील तसबिरीत आहे. ज्या माणसांना नीट कपडे घालण्याचीच मनाई होती, त्यांच्यासाठी नीट कपडा हा बडेजाव नव्हता. तो हक्क होता. श्रीमंताने गुडघ्यावर फाटलेली जीन घातली तर ती फॅशन ठरते आणि गवंड्याची पॅन्ट फाटली तर तो गबाळा ठरतो. 'कॅज्युअल' राहण्याची चैनसुद्धा सर्वांना सारखी परवडत नाही. म्हणून आपल्याकडची माणसे लग्नाला, विहारात, १४ एप्रिलला इस्त्रीचे कपडे घालून निघतात, त्यात हसण्यासारखे काही नाही.

आता एक प्रत्यक्ष गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतील एक गृहस्थ खाकी गणवेशाच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. मुलगा परदेशी बोटीवर वेटर आहे. त्याने आई-वडिलांसाठी सवलतीत आठवड्याचा प्रवास ठरवला. आणि घरात आनंद व्हायच्या ऐवजी वाद सुरू झाला. मुलगा फोनवर म्हणाला, "एक रात्र फॉर्मल आहे. पप्पांना सूट शिवा. नाहीतर त्या दिवशी तुम्ही दोघं वर बुफेतच जेवा." सुटासाठी पतपेढीतून कर्ज काढण्याची बोलणी झाली. वडील कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आले ते रागातच. म्हणाले, "भाऊ, चौतीस वर्षं साहेबानं दिलेला ड्रेस घातला. आता पोराच्या साहेबासाठीसुद्धा घालायचा का?" ताई मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पोराची मान खाली जायला नको, एवढंच."

दोघांचेही खरे होते. मी कंपनीचा कागद शब्दन् शब्द वाचला. त्यात सूट लिहिला होता, टाय लिहिला होता, आणि त्याच ओळीत पुढे 'किंवा आपल्या देशाचा समारंभाचा पोशाख' असेही लिहिले होते. मुलाने अर्धीच ओळ वाचली होती. क्युनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा राष्ट्रीय पोशाख मान्य करते. वडिलांकडे मुलीच्या लग्नात शिवलेला बंद गळ्याचा काळा कोट होता. ताईंकडे निळ्या काठाची पांढरी शुभ्र साडी होती, ती त्या ठेवणीतली म्हणून जपतात. एका पैशाचे कर्ज न काढता दोघांचीही तयारी झाली.

राहिला मुलगा. त्याला मी फोनवर इतकेच म्हणालो, "बाळा, रोज रात्री तू ज्या टेबलावर ताटे नेतोस, त्या टेबलावर तुझे आई-वडील एक रात्र बसणार आहेत. नियम मोडून नव्हे, नियमाने बसणार आहेत. त्यांना बुफेकडे पाठवण्याची घाई तू का करतोस?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तिथं लोक बघतात." बघू देत. पांढरी साडी नेसलेली आई बघून ज्याला कमीपणा वाटेल, त्याच्या नजरेचे ओझे आपण का वाहायचे?

काही वाचक विचारतील, कपड्यांवरून कोणाला अडवणे कायद्यात बसते का? राज्यघटनेच्या १५ व्या कलमाप्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात मज्जाव करता येत नाही. त्या यादीत पोशाख नाही. म्हणूनच जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तमिळनाडू सरकारला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. धोतर किंवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाखावरून क्लबांनी अडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील एका रेस्टॉरंटात साडीला 'स्मार्ट कॅज्युअल' मानत नाहीत असे सांगून अडवल्याची तक्रार एका महिलेने केली. रेस्टॉरंटने ती नाकारली, पण देशभर चर्चा झाली. न्यायमूर्तींना जे भोगावे लागले ते उद्या आपल्यालाही भोगावे लागू शकते. आणि परदेशी बोटीवर तर आपल्या राज्याचा कायदा चालत नाही. पुष्कळ बोटींची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणची असते, आणि तिकीट घेताना कंपनीच्या अटी आपण मान्य केलेल्या असतात. म्हणून भांडण दारात करण्यापेक्षा कागद आधी वाचणे शहाणपणाचे.

माझे मत विचाराल तर असे आहे. ओले कपडे, उघडे अंग, अनवाणी पाय यांना जेवणाच्या जागी बंदी असावी. ती स्वच्छतेची आणि शेजाऱ्याच्या सोयीची गोष्ट आहे. दिवसा आणि बुफेवर साधे कपडे खुशाल घालावेत. रात्री मुख्य भोजनगृहात धुतलेले, इस्त्रीचे, अंग झाकणारे कपडे घालून जावे; समोर वाढणारा मुलगा दिवसभर राबून कडक गणवेशात उभा आहे, त्याचाही तो मान आहे. पण टाय नाही म्हणून कोणाला उपाशी ठेवू नये आणि सर्वांसमोर हिणवू नये. नियम असेल तर तो तिकीट घेण्याआधी स्पष्ट लिहिलेला असावा, गोऱ्याला आणि काळ्याला, साहेबाला आणि कामगाराला एकच असावा, आणि आपल्या देशाच्या पोशाखाला त्यात जागा असावी. एवढे असेल तर तो शिस्तीचा नियम. एवढे नसेल तर ते नवे सोवळे.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तिकीट काढताना 'कोणत्या रात्री कोणता पोशाख' याची यादी मागून घ्या आणि पूर्ण वाचा. आगीच्या भीतीमुळे बोटीवरच्या खोलीत स्वतःची इस्त्री बहुधा वापरू देत नाहीत, तेव्हा चुरगळत नाहीत अशा साड्या आणि शर्ट न्या. भोजनगृहात एसी जोरात असतो, म्हाताऱ्या माणसांनी शाल ठेवावी. सपातांबरोबर एक बंद चप्पल किंवा बूट असू द्यावा. आणि एका रात्रीच्या सुटासाठी पतपेढीचे दार ठोठावू नये. मुलांच्या फीसाठी ते दार पुढे लागणार आहे.

ते जोडपे पुढल्या महिन्यात निघते आहे. काळा कोट धोब्याकडे गेला आहे. ताईंनी साडीला स्वतःच स्टार्च केला आहे. धोब्यावर त्यांचा विश्वास नाही.

जयभीम.