दया, सक्ती आणि हक्क

आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क मानावा काय, हा प्रश्न सहसा अर्थतज्ज्ञ, डॉक्टर आणि वकील यांच्यावर सोपवला जातो. आम्ही भाषेचे अध्यापक. तरीही या वादात दोन शब्द बोलावेत असे आम्हांला वाटते. कारण हा वाद जितका पैशांचा आहे, तितकाच शब्दांचाही आहे. आजारी माणसाविषयी आपला सार्वजनिक व्यवहार कोणती भाषा वापरतो हे नीट पाहिले, तर त्या माणसाच्या पदरात काय पडते याचा बराच उलगडा होतो.

'धर्मादाय' हाच शब्द घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करायची असते. म्हणजे हे दान नव्हे, कायद्याने घातलेले बंधन आहे. परंतु 'धर्मादाय' म्हटले की ते बंधन झाकले जाते आणि उरते ती दात्याची उदारता. मग रुग्णाचा नातेवाईक शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि जमल्यास आमदारांची चिठ्ठी घेऊन खिडकीपुढे उभा राहतो. जे त्याचे आहे तेच तो मागत असतो. मात्र मागत असतो हात जोडून.

दयेच्या या भाषेला पर्याय म्हणून शासनाने आजवर जी दुसरी भाषा वापरली, ती सक्तीची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मूळ कायद्यात अवघी चार कलमे होती. शासनाला कोणते अधिकार असतील, आदेश मोडणाऱ्यास शिक्षा कोणती आणि अधिकाऱ्यांना संरक्षण कसे मिळेल, हे सारे त्यांत आहे. रुग्णाला काय मिळेल याविषयी एक ओळ नाही. पुण्यात रँडच्या अंमलाखाली घरोघर झालेल्या झडत्या हा त्या काळचाच इतिहास. त्याच वर्षी, त्याच साथीत, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. एकाच शहरात, एकाच वर्षी सक्तीचे टोकही दिसले आणि करुणेचे शिखरही. करुणेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण कोणा सावित्रीबाईंच्या येण्यावर समाजाने आपली आरोग्यव्यवस्था अवलंबून ठेवायची नसते. तो १८९७चा कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढावा लागला, यावरून सव्वाशे वर्षांत आपण किती वाट चाललो हे दिसतेच.

राज्यघटना याविषयी गप्प नाही. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानतो. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयातून अंमलबजावणी करून घेता येत नाही. न्यायालयांनी वाट काढली ती अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातून. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली एक शेतमजूर रेल्वेतून पडून गंभीर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. अखेर पदरमोड करून त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेळेवर उपचार न मिळणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय आणि निधीची चणचण ही राज्याची सबब होऊ शकत नाही. त्या मजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. निर्णय थोर खरा. पण तो चार वर्षांनी आला. रुग्णाला हक्क हवा असतो तो रुग्णालयाच्या दाराशी, त्याच रात्री.

आक्षेप असा घेतला जातो की, पुरेसे डॉक्टर नाहीत, खाटा नाहीत, पैसा नाही, तेथे हक्क कागदावरच राहील. २०१५च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्यहक्काच्या कायद्याचा प्रस्ताव होता. २०१७च्या अंतिम धोरणात तो गळला. हा युक्तिवाद मराठी माणसाला ओळखीचा वाटायला हवा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही खर्च परवडणार नाही, देश तयार नाही, असेच सांगितले गेले आणि १९१२ साली विधेयक फेटाळले गेले. शिक्षणहक्काचा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. त्याने सगळ्या शाळा रातोरात सुधारल्या नाहीत, हे आम्ही अध्यापक पुरते जाणतो. पण वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, एवढे त्याने निश्चित केले.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. राजस्थानने मार्च २०२३मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. आगाऊ पैसे न घेता तातडीचे उपचार करायचे, तर बिल कोण चुकवणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. हक्काचे ऋण राज्याच्या माथी असते. राज्याने ते वेळेवर न फेडता डॉक्टरांवर ढकलले, तर हक्काच्या नावाखाली पुन्हा सक्तीचे दानच उरेल.

तिसरी शंका मर्यादेची: हक्क मानला तर प्रत्येकाला प्रत्येक उपचार द्यावा लागेल काय? दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत आरोग्यसेवेचा हक्क लिहिलेला आहे. तेथील घटनात्मक न्यायालयाने १९९७ साली एका रुग्णाची डायलिसिसची मागणी, साधने अपुरी असल्याचे मान्य करून, नाकारली. त्याच न्यायालयाने २००२ साली मातेकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखणारे औषध सरकारी रुग्णालयांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. कारण ते रोखून धरण्याचे सबळ कारण सरकारला देता आले नाही. हक्क म्हणजे सर्व काही मिळण्याची हमी नव्हे. नकाराचे कारण मागण्याची आणि ते तपासून घेण्याची सत्ता म्हणजे हक्क.

'विद्यार्थी' आणि 'लाभार्थी' हे दोन शब्द एकाच घडणीचे आहेत. दोन्हींतला 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, मागणारा. पण सहा ते चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यामागे आज कायदा उभा आहे, तर लाभार्थ्यामागे असते ती एखादी योजना. योजनेचे नाव बदलते, तिच्या यादीतले आजार बदलतात आणि सरकार बदलले की कधी कधी योजनाच बदलते. या योजनांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत, हे आम्ही नाकारत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, रुग्णाची ओळख तेवढ्यावर संपू नये. शासनाच्या कागदांवर 'लाभार्थी'च्या जागी 'हक्कदार' हा शब्द यावा आणि त्यामागे निधीची तरतूद, जबाबदार अधिकारी व तक्रारीची मुदत असलेला कायदा असावा. नुसता शब्द बदलून काहीच होणार नाही. पण कायदा झाला, तर हा शब्द बदलल्यावाचून राहणार नाही.