नाव तिचंच का निघतं?

मी सिरसाळ्याची. बीड-परळी रस्त्यावरचं, परळी तालुक्यातलं गाव. बी. ए. करते, रोज एस.टी.नं कॉलेजला जाते. आई-वडील ऊसतोडीला जातात, त्यामुळं दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने घरात आजी आणि मी. दोघींत बोलायला फार कुणी नसतं, म्हणून मी जगाबद्दल कुरकुरते आणि ती ऐकते. "ही पोरगी सासरी गेली तर सासूच पळून जाईल," असं तिचं मत आहे.

कुरकुरायला काय कमी आहे? मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत कुणी ना कुणी म्हणतोच, "अर्ध्या तिकिटवाल्यांनी उभं राहावं." सवलत सरकारनं दिली, राग मात्र आमच्यावर. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिना दीड हजार सुरू झाले आणि रस्त्यावरच्या प्रत्येक फ्लेक्सवर आम्हाला भाऊ मिळाले. एका फ्लेक्सवर मी चाळीस भाऊ मोजले. बहीण एकही नव्हती. स्टँडवर उभं राहिलं की हेच भाऊ कुठल्या नजरेनं बघतात ते मी काय सांगू, तुम्हीही कुठल्या तरी स्टँडवर उभ्या राहिला असालच.

पण आज मला लिहायचंय ते २०२४ च्या डिसेंबराबद्दल. ९ तारखेला आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना हालहाल करून मारलं. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीचा संबंध तपासात पुढं आला. जिल्हा हादरला. २८ डिसेंबरला, शनिवारी, बीडमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. बारावीत शिकणारी त्यांची मुलगी त्या गर्दीसमोर उभी राहून बापासाठी न्याय मागत होती.

त्याच शनिवारी मुंबईत अभिनेत्री प्राजक्ता माळी पत्रकार परिषद घेत होत्या. कारण काय, तर आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी या खुनावरून बोलताना परळीतल्या कार्यक्रमांचा विषय काढला आणि तीन नट्यांची, नर्तिकांची नावं घेतली. त्यात एक नाव प्राजक्ता माळींचं. परळीला पुरुष कलाकार कधी गेलेच नाहीत का, त्यांची नावं का निघत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी राज्य महिला आयोगाकडं तक्रार केली, मुख्यमंत्र्यांना भेटल्या आणि ३० तारखेला आमदारांनी दिलगिरी व्यक्त केली.

आता माझी कबुली. त्या संध्याकाळी मी ती पत्रकार परिषद मोबाईलवर दोनदा पाहिली. मोर्चातलं त्या मुलीचं भाषण पाहिलं दुसऱ्या दिवशी, तेही अर्धंच. आणि मी, जी दोन शिबिरं करून आलेली, जिला स्त्रीमुक्तीची गाणी पाठ आहेत, ती आजीला काय म्हणाले? "पण हिनं असल्या कार्यक्रमांना जायचंच कशाला?"

आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला बोलवलं कुणी ते इचार की."

रात्री आईचा फोन आला. त्यांची टोळी तेव्हा कोल्हापूरकडं होती. कोपीत लाईट नाही, पाणी लांबून आणायचं, पण मुकादमाच्या मोबाईलवर नटी पोचली होती. "ती नटी काय म्हणाली गं?" आईनं विचारलं. सरपंचाच्या खुनात कोण धरले, कोण फरार, हे तिला काहीच कळलेलं नव्हतं. तिचा दोष नाही, कळवणाऱ्यांनी जे कळवलं तेच तिला कळलं.

आमदार खुनाबद्दल जे विचारत होते ते विचारायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुरुषांच्या सत्तेचा, पैशाचा, दहशतीचा हिशेब मागताना मध्ये बाईचं नाव टाकलं की काय होतं? हिशेब राहतो बाजूला आणि सगळे बाईकडं वळून बघतात. ज्याला हिशेब द्यायचाय त्याच्या तर ते पथ्यावरच पडतं. खंडणी कुणी मागितली यावरून चर्चा निघते ती कोण कुठं नाचली यावर. मंत्री धनंजय मुंडे यांच्या निकटच्या माणसावर या प्रकरणात आरोप होते. मुंडे यांचा राजीनामा आला तो ४ मार्च २०२५ ला, खुनाचे फोटो बाहेर आल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात कुठल्या नटीचा काय संबंध होता?

हे नवीन आहे असं नाही. शिबिरात ताईंनी आम्हाला मथुराची गोष्ट सांगितली होती. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात पोलिसांनी त्या आदिवासी मुलीवर अत्याचार केला आणि कोर्टात चर्चा झाली तिच्या चारित्र्याची. पोलीस सुटले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला, स्टँडवरची जीभ तशीच आहे.

स्टँडचं म्हणते ते उगाच नाही. माझी एक मैत्रीण होती, म्हणजे आहे. आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं अक्षर इतकं सुरेख की सर फळ्यावर तिलाच लिहायला लावायचे. एक दिवस स्टँडवर दोन पोरांची मारामारी झाली. वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पैशांवरून झाली, हे पाहणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. ही त्या दिवशी गावातसुद्धा नव्हती, मावशीकडं गेली होती. पण दोघांतल्या एकानं कधीतरी हिचा फोटो स्टेटसला ठेवला होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: पोरीवरून भांडण. पैशावरून भांडलो म्हणण्यापेक्षा ते त्या दोघांनाही जास्त शोभेसं वाटलं असावं, कारण दोघांनीही ते खोडून काढलं नाही.

हिचं कॉलेज बंद झालं. महिन्याभरात सोयरीक, पुढच्या महिन्यात लग्न. अठरा पूर्ण होऊन चार महिने झालेले, त्यामुळं कुणाकडं तक्रार करायचीही सोय नव्हती. आमच्या बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या शंभर बायकांपैकी चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. लोक म्हणतात गरिबी, ऊसतोड. खरंच आहे. पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती माझ्या आईलाही आहे. पण नाव निघण्याची भीती किती लग्नं लावते, ते कुठल्या पाहणीत येतं?

मैत्रिणीसाठी कुणी पत्रकार परिषद घेतली नाही. तिची दिलगिरी कुणी व्यक्त केली नाही. ते दोघं पोरं परवाच्या फ्लेक्सवर शेजारी-शेजारी होते, गॉगल लावून. प्राजक्ता माळींचा मला आता राग नाही. माईक होता, त्यांनी तो वापरला, बरं केलं. आमच्याकडं माईक नाही, निदान एखादी खिडकी तरी असावी.

ती खिडकी कागदावर आहे म्हणे. २०१३ च्या कायद्यानं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. आमच्या कॉलेजात तिचा फलक ऑफिसच्या दाराआड आहे. दार उघडं असलं की तो झाकला जातो आणि दार दिवसभर उघडंच असतं. त्यावरचं एक नाव निवृत्त झालेल्या बाईंचं. मी एका मॅडमना विचारलं, समितीची बैठक कधी होते? त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "का गं? तुझं काही झालंय का?"

मी म्हटलं नाही, आणि निघून आले. त्या प्रश्नातच माझं नाव निघायला सुरुवात झाली होती.

नागपंचमीला मैत्रीण माहेरी आली होती. आम्ही झोक्यापाशी बसलो. अक्षर अजून तसंच आहे का, विचारलं, तर म्हणाली लिहिते कुठं, किराणाची यादीसुद्धा सासरे करतात. मग हळूच म्हणाली, "अजून बोलतात का गं माझ्या नावानं?"

मी खोटं सांगितलं.

आता आम्ही चौघींनी प्राचार्यांना अर्ज लिहिलाय. फलक दाराबाहेर लावा, नावं बदला, बैठक कधी ते कळवा. चौघींनी सह्या गोलात केल्यात, पहिलं नाव कुणाचं ते कळू नये म्हणून. सोमवारी देणार आहोत. तुमच्यापैकी कुणी आपल्या कॉलेजात किंवा तालुक्यात अशी समिती चालती करून घेतली असेल, तर कसं केलं ते मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. घरी पत्र नको, आजी फोडून शेजारणीकडून वाचून घेते.