रिम झिजते, पण लक्षात येत नाही

वडिलांची काळी सायकल पंचवीस वर्षे चालली आणि मुलीच्या गिअरच्या सायकलची रिम मात्र काही वर्षांतच बदलायला झाली, की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘हल्लीच्या वस्तूंना दमच नाही!’ दोष दरवेळी वस्तूचा नसतो. या दोन सायकलींच्या रिम वेगवेगळ्या धातूंच्या असतात आणि त्या खराबही वेगवेगळ्या कारणांनी होतात.

जुन्या पद्धतीच्या सायकलची रिम पोलादी असते. सळईच्या ब्रेकचे रबर तिच्या आतल्या, आऱ्यांकडच्या बाजूवर दाबले जाते. पोलाद कठीण असल्याने रबराच्या घर्षणाने ते फारसे झिजत नाही. या रिमचा खरा शत्रू गंज. वरचे निकेल उडाले की दमट हवेत, विशेषतः समुद्रकाठच्या गावांत, आऱ्यांच्या भोकांपासून गंज धरू लागतो. पुढे तिथेच रिमला तडा जातो. दुसरा शत्रू म्हणजे खड्डा. टायरमध्ये हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले, की रिमला पोचा पडतो. मग कितीही वेळा आऊट काढला तरी चाक सरळ फिरत नाही.

गिअरच्या आणि बऱ्याच नव्या सायकलींना अॅल्युमिनियमची रिम असते. ती हलकी असते, गंजून तांबडी होत नाही आणि पावसात पोलादी रिमपेक्षा तिच्यावर ब्रेकही चांगला लागतो. पण धातू मऊ. ब्रेकचे रबर तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घासते. पावसाळ्यात चिखलातली वाळू रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकसरशी कानशीसारखी भिंत खरवडते. ओल्या रिमवर दिसणाऱ्या काळ्या राड्यात झिजलेले अॅल्युमिनियमही असते.

मग रिम टिकते किती? वर्षांत सांगणे कठीण. शाळा तीन किलोमीटरवर असेल, तर वर्षातल्या दोनशे दिवसांत सायकल बाराशे किलोमीटर चालते. सपाट, कोरड्या रस्त्यावर अशी रिम कित्येक वर्षे पुरते. तेवढेच अंतर घाटउतारावर, भर पावसात आणि सतत ब्रेक दाबून कापले, तर ती फार लवकर संपते. डिस्क ब्रेकच्या सायकलची रिम मात्र ब्रेकने झिजत नाही, कारण तिथे घर्षण वेगळ्या चकतीवर होते.

झीज ओळखण्यासाठी मोठ्या हत्यारांची गरज नाही. काही रिमवर बारीक खाच किंवा ठिपक्यासारखा खळगा असतो. तो दिसेनासा झाला, की रिम बदलायची वेळ आली. खूण नसेल तर स्टीलची पट्टी ब्रेक घासतो त्या भिंतीवर आडवी टेकवून उजेडात पाहावी. मध्ये फट दिसली, तर भिंत आत गेली आहे. नव्या रिमची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती एक मिलिमीटरहून पातळ झाल्याची शंका आली, तर मेकॅनिककडून मोजून घ्यावी. ब्रेक लावताना दर फेऱ्याला एकाच ठिकाणी हिसका बसत असेल किंवा भिंत बाहेर फाकलेली दिसत असेल, तर ती सायकल चालवूच नये. टायरमधल्या हवेच्या दाबाने पातळ भिंत अचानक फाटते. पुढचे चाक असे अडकले, तर सायकलस्वार तोंडावर आपटतो.

देखभाल सोपी आहे. चिखलातून आल्यावर तांब्याभर पाणी ओतून रिम फडक्याने पुसावी. रबरात रुतलेले खडे आणि चकाकणारे कण टाचणीने काढावेत. रबरावरच्या खाचा बुजल्या, की रबर बदलावे. गंज टाळण्यासाठी रिमवर तेलाचे फडके फिरवण्याची चूक मात्र करू नये, ब्रेक निकामी होतो.

नवी रिम घेताना माप आणि आऱ्यांच्या भोकांची संख्या जुन्या रिमएवढीच हवी. हब चांगला असेल तर तोच चालतो, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो.

थोरलीची सायकल धाकट्याला देताना घरोघरी नवी घंटी लागते, सीटचे कव्हर बदलते. त्याआधी दोन मिनिटे रिमला पट्टी लावून पाहावी.